लागणीची नोंद होते, मग मुलांच्या वेळेची का नको?



या अंकात आम्ही बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते किंवा हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहिणार नाही. त्या विषयांवर मागे पुष्कळ लिहून झाले आहे व पुढेही लिहूच. या वेळचा विषय घरातला आहे. गटागटांतून फिरताना, बांधावर उभे राहून बोलताना, उसाच्या बरोबरीने एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. "साहेब, उसाकडं बघावं तर पोरांकडं बघायला होत नाही, आणि पोरांकडं बघावं तर पाण्याची पाळी जाती." एका माउलीने तर आम्हाला सरळच विचारले, "उसाची नोंद तुमच्या वहीत हाय. पोरांची नोंद कुणाच्या वहीत हाय?"

प्रश्न रास्त आहे. घरातली मुले काही एकाच दिवशी केलेल्या लागणीसारखी एका वयाची नसतात. एक पाळण्यात असते, एक अंगणवाडीत, एक चौथीत आणि एक दहावीत. प्रत्येकाची गरज वेगळी, वेळ वेगळी, आणि त्यांच्याकडे पाहणारे आईबाप मात्र तेच दोघे. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे. बालसंगोपनाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. पण हजारो एकरांवरच्या, वेगवेगळ्या वयाच्या उसाचे वेळापत्रक बसवणे हेच आमचे रोजचे काम आहे. त्या अंगाने या प्रश्नाकडे पाहिले तर काही गोष्टी उलगडतात. त्या आपल्यापुढे मांडतो.

समुद्राच्या घड्याळावर चालणारी वस्ती

आधी एक उदाहरण घेऊ, तेही आपल्या ऊसपट्ट्यापासून लांबचे. मुंबईत नरिमन पॉइंटला साखर भवन आहे. साखर संघाच्या कामासाठी कारखान्याच्या मंडळींना तेथे जावे लागते, ते आपल्यास ठाऊक आहेच. तेथून समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे पाहिले की कफ परेडच्या उंच इमारती दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी, खाडीसारख्या आत आलेल्या पाण्याच्या काठाला, होड्यांची रांग दिसते. ते मच्छीमार नगर. हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी रबरी होडीतून याच भागातल्या किनाऱ्याला उतरले, आणि त्यांना प्रथम पाहिले ते इथल्या मच्छीमार मंडळींनी. एरवी या वस्तीची बातमी होत नाही. मासे धरणारी, विकणारी, पोरेबाळे वाढवणारी साधी कष्टाची वस्ती आहे.

या वस्तीकडे बोट दाखवण्याचे कारण असे, की तिथल्या घरांचे घड्याळ रोज सरकते. भरती-ओहोटी दिवसातून दोन वेळा येते व ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. आज दुपारी बाराला पूर्ण भरती असेल तर उद्या ती पाऊण-एक तास उशिरा येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. बोंबील पकडण्याचे डोल जाळे तर पाण्याच्या ओढीवरच चालते. ओढ लागली की ते फुगते, पाणी थबकले की ते ओढून घ्यायचे. म्हणजे घरातला बाप पहाटे चारला निघेल की दुपारी तीनला, हे भिंतीवरचे घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो.

बरे, होडी किनाऱ्याला लागली म्हणजे काम संपले असे नाही. कोळी समाजात मासळी आणणे पुरुषाकडे आणि विकणे बाईकडे, ही वाटणी पूर्वापार आहे. कफ परेडपासून जवळच ससून डॉक आहे. १८७५ साली बांधलेला हा धक्का आजही मुंबईच्या मासळीचे मोठे केंद्र आहे. तिथला लिलाव दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. टोपली भरायची, बर्फ घालायचा, बाजारात किंवा दारोदारी जाऊन विकायचे, म्हणजे मुलांच्या शाळेच्या घाईच्या वेळी आईही घराबाहेर. शाळेची घंटा मात्र भरतीप्रमाणे सरकत नाही. ती रोज ठरल्या वेळी होते.

आता आपणच सांगा, यात आणि आपल्यात फरक किती? तिथे भरती आहे, इथे कालव्याचे आवर्तन आहे. तिथे ओहोटी आहे, इथे विजेची पाळी आहे. शेतीपंपाची वीज आपल्याकडे दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी चक्राकार मिळत आली आहे. सौर वाहिनीची दिवसाची वीज काही गावांत पोचली. जिथे पोचलेली नाही तिथे आजही रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते. बाप सकाळी झोपलेला आणि मुले शाळेला निघालेली, असे चित्र त्या आठवड्यात घरोघर दिसते.

सरकते ते अनिश्चित नसते

कोळीवाड्यातून शिकण्यासारखी पहिली गोष्ट ही, की सरकणारी वेळ म्हणजे अनिश्चित वेळ नव्हे. कोकणपट्टीत भरतीचा एक सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हिशोब अदमासाचा आहे, पण त्यावर पंधरा दिवस आधी सांगता येते की कोणत्या दिवशी घरातला कर्ता कोणत्या वेळी पाण्यात असणार.

आपल्याकडे काय होते? विजेचे वेळापत्रक आठवड्याचे ठरलेले असते. कालव्याच्या आवर्तनाची पाळी पाणीवाटपाच्या यादीत असते. खताचा हप्ता, बाळबांधणी, मोठी बांधणी यांचे आठवडे लागणीच्या तारखेवरून मोजता येतात. शाळेच्या सहामाही-वार्षिक परीक्षा, पालकसभा, लसीकरणाचा दिवस हेही आधी कळते. म्हणजे माहिती सगळी हाताशी असते, पण ती एका जागी नसते. विजेचे वेळापत्रक बापाच्या डोक्यात, लसीची तारीख आईच्या डोक्यात, परीक्षेची तारीख मुलाच्या दप्तरात. मग ऐन वेळी सगळे एकमेकांवर आदळते आणि आपण म्हणतो, "काय करणार, वेळच मिळत नाही."

म्हणून पहिले काम अगदी बिनखर्चाचे आहे. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. दुधाचा रतीब आणि गॅसची टाकी आपण तिच्यावर लिहितो. त्याच चौकटीत रात्रपाळीची वीज कोणत्या आठवड्यात, पाण्याची पाळी केव्हा, परीक्षा केव्हा, लस केव्हा, हे लिहावे. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातली सगळी माणसे बसून लिहावे, पोरांच्या हाताने लिहून घ्यावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलांना शाळेत सोडण्याचे काम बापाकडे धरू नये आणि दिवसपाळीच्या आठवड्यात ते आईकडेच आहे असे गृहीत धरू नये, एवढे जरी त्यातून निघाले तरी निम्मी ओढाताण कमी होते.

सगळा युरिया एकदम टाकून चालत नाही

आता वयाकडे वळू. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते आपण लागणीलाच सगळे टाकतो का? नाही. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. का? तर कोंब, फुटवा आणि कांडी या प्रत्येक अवस्थेत पिकाची भूक वेगळी असते. एकदम टाकलेले नत्र पाण्याबरोबर वाहून जाते किंवा हवेत उडून जाते, पिकाला लागत नाही.

मुलांच्या वेळेचेही तसेच. "दिवाळीत आम्ही आठ दिवस पोरांबरोबरच असतो की!" असे कोणी म्हणाले म्हणजे आम्हाला एकदम टाकलेल्या युरियाची आठवण होते. रोजची अर्धी घटका जे करते ते दिवाळीचे आठ दिवस करू शकत नाहीत. शिवाय ती अर्धी घटका सगळ्या मुलांना एकाच वेळी, एकाच प्रकारे देऊन भागत नाही.

पाळण्यातले मूल. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर आणि आरोग्यसेविका सांगतात. याचा शेतीच्या भाषेत अर्थ काय? तर त्या सहा महिन्यांत बाळाची आई लांबच्या प्लॉटवर दिवसभर खुरपायला असता कामा नये. घराजवळचे, उठून येता येईल असे काम तिच्याकडे असावे; लांबचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यावे किंवा मजूर लावावा. त्या मजुरीचा खर्च हा बाळाच्या आरोग्याचा खर्च समजावा. बाळाच्या दुधाचा प्रश्न सासू-सुनेच्या वादात सोडू नये. घरातल्या कर्त्याने तो कामाच्या वाटपात आधीच बसवावा.

तीन ते सहा वर्षांचे मूल. हे वय धावण्याचे, पण धोका न कळण्याचे. अंगणवाडीची योजना आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, ती याच वयाच्या आतील मुलांसाठी. अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी नव्हे. ती आईला मिळणारे तीन-चार तास आहेत, आणि मुलाला मिळणारी संगत आहे. मुलाला तिथे न पाठवता बांधावर झाडाखाली बसवून ठेवणे ही काटकसर नव्हे. शेतात काय काय असते ते आठवा. कठडा नसलेली विहीर. प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे, ज्याच्या निसरड्या काठावरून आत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले तणनाशक. चालू ट्रॅक्टरचा फिरता दांडा. आणि जुन्नर, शिरूर, संगमनेर या भागांतल्या लोकांना सांगायलाच नको, की बिबट्याची मादी आता उसातच पिल्ले घालते. उसाच्या कडेला बसलेले लहान मूल तिच्या नजरेला जनावराएवढेच दिसते. या वयाच्या मुलाला वेळ देणे म्हणजे आधी त्याच्यावर एका मोठ्या माणसाची नजर असणे. ती नजर 'सगळ्यांची' असेल तर ती कोणाचीच नसते. म्हणून रोज एक माणूस नावाने ठरवावा. जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. तसा घरात "आजचा जागल्या कोण?" हे सकाळीच ठरलेले असावे. आजोबा असोत, आत्या असो, बाप असो. ज्याचे नाव लागले त्याने त्या दिवशी दुसरे काम अंगावर घेऊ नये.

सहा ते बारा वर्षांचे मूल. या वयात मूल शाळेतून येते ते पोटात गोष्टी घेऊन येते. बाईंनी काय सांगितलं, कोण रडलं, कुणाची पेन्सिल हरवली. त्या त्याच दिवशी ऐकल्या तर मूल सांगत राहते. चार दिवस कोणी ऐकल्या नाहीत तर सांगायचे बंद करते. ऐकायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. धार काढताना, वैरण आणताना, मोटरसायकलवर पाठीमागे बसवून नेताना ऐकता येते. फक्त त्या वेळी कानाला मोबाइल नको. झोपेचेही या वयाला महत्त्व आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असलेल्या एका खोलीच्या घरात ती कशी मिळणार, याचा विचार मोठ्यांनीच करायचा आहे.

तेरा ते अठरा. इथे आपली मोठी गफलत होते. मूल उंचीने मोठे झाले की आपण त्याला मोठे धरतो. "आता हाताशी आला," असे म्हणून रात्रपाळीच्या पाण्याला पाठवतो. या वयालाही ८ ते १० तास झोप लागते. रात्री दोनला दारे मोडून आलेला मुलगा सकाळी गणिताच्या तासाला डुलक्या घेतो, आणि मग आपणच म्हणतो की याचे डोके चालत नाही. त्याला काम सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. शेतकऱ्याच्या पोराला शेत कळलेच पाहिजे. पण काम दिवसाचे असावे, ठरलेले असावे, आणि परीक्षेच्या दिवसांत त्याला सुटी असावी. या वयाच्या मुलाला आपली नजर आवडत नाही, पण आपला सल्ला विचारलेला आवडतो. ठिबकचा हिशोब, खताची पावती, बँकेचा अर्ज यांत त्याचे मत घ्यावे. बरोबर बसून केलेले ते काम म्हणजेच त्याला दिलेला वेळ.

थोरल्या मुलीच्या अंगावर किती?

एक गोष्ट आम्हाला जरा स्पष्ट लिहावी लागेल. कोळीवाड्यात काय किंवा उसाच्या मळ्यात काय, आईबाप दोघेही कामावर असले की घराचा गाडा ओढणारे तिसरे माणूस बहुधा घरातली थोरली मुलगी असते. "आमची थोरली म्हणजे धाकट्यांची दुसरी आईच!" असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकाचा हिशोब मांडून पाहू. समजा, सकाळी पाणी भरणे आणि धाकट्याची आंघोळ यांत एक तास, डबे आणि भांडी यांत एक तास, संध्याकाळी धाकट्याला सांभाळणे व स्वयंपाक यांत दोन तास. दिवसाला चार तास झाले. महिन्याला १२० तास. तिच्या वर्गातला तिच्याच वयाचा मुलगा हे १२० तास अभ्यासाला, खेळायला, झोपायला वापरतो. परीक्षेत दोघांना प्रश्नपत्रिका एकच येते.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण हा कायदा मुलीला आठवीपर्यंत शाळेत नेऊन पोचवतो. नववी-दहावीच्या उंबऱ्यावर तिला धरून ठेवणे घराच्याच हातात आहे. तिची शाळा बहुधा एका दिवसात सुटत नाही. आधी धाकट्याला ताप आला म्हणून दोन दिवस जातात, मग लागणीसाठी आठवडा जातो, मग अभ्यास मागे पडतो, मग तिलाच शाळेत जायची लाज वाटू लागते. शेवटी आपण म्हणतो, "तिलाच शिकायचं नव्हतं."

या बाबतीत कोळी बायकांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. तिथे मासळीचा पैसा बाईच्या हातात येतो आणि घरखर्चाचा व्यवहार बहुतांशी तीच पाहते. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या वेळेला किंमत येते. आपल्याकडे उसाचे बिल सातबाऱ्यावरच्या नावाने बँकेत जमा होते आणि घरातल्या बायका-मुलींनी दिलेले तास कोणत्याच खात्यावर दिसत नाहीत. ते दिसत नाहीत म्हणून ते फुकट आहेत असे वाटते. थोरल्या मुलीचे चार तास दोनवर आणायचे असतील तर उरलेले दोन तास कोणी तरी उचलले पाहिजेत. त्यातला एक बापाने उचलावा. चहा-भाकरीला हात लावल्याने कोणाची पाटीलकी जात नाही. दुसरा धाकट्या मुलाने उचलावा. दहा वर्षांचा मुलगा आपले ताट धुऊ शकतो, अंथरूण घालू शकतो, पाणी भरू शकतो. मुलगा आणि मुलगी यांच्या कामाची यादी एकच असावी.

एकसष्ट दिवसांची सुटी

समुद्रावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा आणि वादळी पावसाचा हा काळ. कमाईच्या दृष्टीने हे दिवस कठीण. पण घराच्या दृष्टीने पाहिले तर ते नेमके शाळा उघडण्याचे दिवस आहेत. वर्षभर पाण्यावर असणारा बाप याच काळात जाळी विणतो, होडी डागडुजीला घेतो आणि घरात असतो. पुढे नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा दर्यावर. म्हणजे वर्षाच्या वेळापत्रकात घरासाठी एक मोकळा तुकडा आपोआप राखला जातो.

उसाच्या वर्षात असा तुकडा आपोआप राहत नाही, तो आपण राखावा लागतो. आणि इथे आमच्या खात्याचा संबंध येतो. ऊस तोडीला केव्हा येणार हे मुख्यतः लागणीच्या तारखेवर आणि जातीवर ठरते. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, तिची तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, तिची तोड तेरा ते पंधरा महिन्यांनी. सुरू लागण जानेवारी ते मध्य फेब्रुवारी, तिची तोड बारा महिन्यांनी. आता हे घरातल्या दहावीच्या परीक्षेला लावून पाहा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते आणि दहावीची फेब्रुवारीच्या अखेरीस अथवा मार्चात.

मुलगी नववीत असताना जानेवारी-फेब्रुवारीत सुरू लागण केली, तर तो ऊस ती दहावीत असताना ऐन परीक्षेच्या तोंडावर तोडीला येतो. तोडीच्या टोळीची धावपळ, वाहनाची वाट पाहणे, लगेच खोडव्याचे बुडखे छाटणे, पाचट सरीत दाबणे, पहारीने खत देणे. ही सगळी कामे पंधरा दिवसांत उरकायची असतात आणि सगळे घर शेतात असते. त्याऐवजी तोच प्लॉट मुलगी नववीत असताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावला, तर दहावीच्या वर्षी तो डिसेंबर-जानेवारीत मोकळा होण्याच्या वाटेवर असतो. पाण्याची खात्री असेल तर आडसाली त्याहून आधी. परीक्षेच्या दीड-दोन महिन्यांत घर शांत राहते. पूर्वहंगामीचे उत्पादनही सुरूपेक्षा चांगले येते हे आपण जाणताच; तेव्हा यात पिकाचे नुकसान नाही.

परीक्षा आहे म्हणून कोणाची तोड आधी आणि कोणाची नंतर करावी असे म्हटले, तर तोडणी कार्यक्रम कोलमडेल आणि इतर सभासदांवर अन्याय होईल. त्यामुळे तोडीची क्रमपाळी आम्हाला घरगुती कारणासाठी बदलता येत नाही. पण लागणीची तारीख आपल्या हातात आहे. दीड वर्ष आधी केलेला विचार जे साधतो ते ऐन वेळी गट कार्यालयात घातलेले हेलपाटे साधत नाहीत. दोन-तीन प्लॉट असणाऱ्यांनी सगळे क्षेत्र एका हंगामात न लावता विभागून लावले, तर कामही विभागते आणि बिलाचे पैसेही एकदम न येता टप्प्याने येतात.

आपल्या शेतात आलेली दुसऱ्याची मुले

शेवटचा मुद्दा आपल्या मुलांचा नसला तरी आपल्या उसाचा आहे. तोडणीला येणारा 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास घर सोडून आलेली ही जोडी हंगाम संपेपर्यंत कोपीत राहते. त्यांच्याबरोबर मुले असतात. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या कडेला बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या घरी भिंतीला दिनदर्शिका नाही, कारण भिंतच नाही.

सभासद म्हणून आपल्याला तीन गोष्टी सहज करता येतात. एक, आपल्या गावच्या शाळेत त्या मुलांना बसवण्यासाठी मुख्याध्यापकांना भेटणे. वयानुसार वर्गात बसण्याचा त्यांना हक्क आहे आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्काच्या कायद्यातच आहे. दोन, लहानग्यांना हंगामापुरते आपल्या अंगणवाडीत घेण्यास सेविकेला सांगणे. तीन, फडात ऊस ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाडी मागे घेताना मागे एक माणूस उभा केल्याशिवाय गाडी हलवू न देणे, कारण थकलेले मूल सावली पाहून गाडीखालीच झोपते. यांत खर्च काही नाही. लक्ष देण्याचा प्रश्न आहे.

सुरुवात कोठून करावी?

इतके सगळे एकदम होणार नाही. नव्याचे नऊ दिवस होतात आणि दहाव्या दिवशी सारे पहिल्यासारखे. म्हणून आम्ही प्लॉटवर प्रात्यक्षिक घेतो तसे घरात एका महिन्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. पहिल्या आठवड्यात फक्त दिनदर्शिका भरावी. दुसऱ्या आठवड्यात 'आजचा जागल्या' ठरवायला लागावे. तिसऱ्या आठवड्यात थोरल्या मुलीचे तास मोजावेत आणि त्यातले निदान एका तासाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. चौथ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकट्याला दिलेली अर्धी घटका मोडली किती वेळा, ते पाहावे. मोडली तर का मोडली, याचे कारण लिहावे. बहुधा तेच कारण पुन्हा पुन्हा येते. मग इलाजही एकाच ठिकाणी करावा लागतो.

पुढील हंगामाच्या लागण नोंदी सुरू होतील तेव्हा आमचा गट कर्मचारी आपल्याकडे येईल. गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख तो विचारेल. तारीख सांगण्यापूर्वी घरात एकदा विचारून घ्यावे, की त्या तारखेपासून बारा, चौदा किंवा सोळा महिन्यांनी आपल्या घरातले कोणते मूल कोणत्या इयत्तेत असेल. तसा हिशोब करून पूर्वहंगामी अथवा आडसाली लागण करू इच्छिणाऱ्या सभासदांनी पाण्याची सोय व बेण्याची मागणी महिनाभर आधी गट कार्यालयात नोंदवावी. बेणेमळ्यातून शुद्ध बेणे वेळेवर मिळण्याची व्यवस्था ऊस विकास विभाग करील.

ऊस विकास विभाग